मांजराच्या रिपोर्टमध्ये ‘हाय’ दिसलं म्हणजे नेमकं काय? रक्त आणि लघवीची चाचणी अशी समजून घ्या

मांजर दोन दिवस नीट खात नाही म्हणून तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. तीन पानं, चाळीसेक आकडे आणि त्यातल्या सहा-सात आकड्यांपुढे ठळक अक्षरात ‘हाय’ किंवा ‘लो’.

डॉक्टरांना फोन लागेपर्यंत आपण काय करतो? गुगल. नाहीतर एखाद्या एआय चॅटबॉटला फोटो पाठवतो, किंवा कॅट पॅरेंट्सच्या ग्रुपवर टाकतो. दहा मिनिटांत उत्तर येतं, ‘किडनी गेली’. दुसरा सांगतो, ‘काही नाही, माझ्याही मांजराचं असंच होतं.’

दोन्ही उत्तरं चुकीची असू शकतात. कारण मांजराच्या रिपोर्टमधला एकटा आकडा फारच कमी सांगतो. तो दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, की खरा अर्थ लागतो. आणि बऱ्याचदा हा दुसरा आकडा रक्तात नाही, लघवीत असतो.

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडको-सातपूरपर्यंत फ्लॅटमध्ये मांजर पाळणारी घरं आता सहज दिसतात. त्यामुळे हा रिपोर्ट वाचायचा कसा, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आकडे नंतर, आधी रिपोर्टचा वरचा भाग बघा

पहिल्या पानावर प्राण्याची जात लिहिलेली असते. तिथे ‘फेलाइन’ म्हणजे मांजर असं आहे का, ते बघा. माणसांची नॉर्मल रेंज मांजराला लागू होत नाही. तपासणीचं मशीनही मांजराच्या सेटिंगवर असावं लागतं, कारण मांजराच्या लाल पेशी माणसाच्या पेशींपेक्षा बऱ्याच लहान असतात.

त्यानंतर नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, या दोन वेळा बघा. रक्त बराच वेळ तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि शुगर खोटी कमी दिसते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीच्या आसपास असताना, लघवीची बाटली गाडीत राहिली तर त्या नमुन्यावरही फार विश्वास ठेवता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे शेरा. ‘हिमोलाइज्ड’ म्हणजे नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या आहेत. ‘लायपेमिक’ म्हणजे रक्तात चरबी जास्त आहे, बहुतेक वेळा मांजर नुकतंच जेवलेलं असतं. हे शेरे असतील तर काही आकडे आजारामुळे नाही, नमुन्यामुळे बिघडलेले असू शकतात.

‘नॉर्मल रेंज’ येते कुठून?

निरोगी मांजरांचा एक गट घेतात, त्यांचं रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्के मांजरांचे आकडे जिथे बसतात, त्याला नॉर्मल रेंज म्हणतात. याचा सरळ अर्थ असा, की पूर्ण निरोगी मांजरांपैकी ५ टक्के मांजरं त्या रेंजच्या बाहेरच असतात.

आता गणित करा. एका रिपोर्टमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या असतील, तर निरोगी मांजराचे सगळेच्या सगळे आकडे रेंजमध्ये येण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हा आकडा थोडा बदलतो. पण मुद्दा तोच. काठावरचं एखादं ‘हाय’ म्हणजे आजार नाही.

उलटंही खरं आहे. सगळे आकडे रेंजमध्ये असूनही मांजर आजारी असू शकतं. गेल्या वर्षी क्रिएटिनिन ०.९ होतं आणि यंदा १.५ आहे, तर कदाचित रिपोर्टवर काहीच ठळक होणार नाही. पण त्या मांजरासाठी ही मोठी उडी आहे.

गुगल करताना हमखास होणारा घोळ

हा घोळ एककांचा आहे. आपल्याकडच्या लॅब बहुतेक आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या वेबसाइटवर तेच आकडे वेगळ्या एककात असतात. तिथलं १४० क्रिएटिनिन म्हणजे आपल्याकडचं साधारण १.६. त्यांच्या क्रिएटिनिनला ८८.४ ने भागायचं आणि त्यांच्या शुगरला १८ ने गुणायचं.

युरियाचा गोंधळ याहून मोठा आहे. भारतात अनेक रिपोर्टवर ‘युरिया’ छापतात, तर अमेरिकन वेबसाइट ‘बीयूएन’ सांगतात. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. त्याला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. म्हणजे बीयूएन ३० आणि युरिया ६४ ही एकाच रक्ताची दोन नावं. तुमच्या रिपोर्टवरचा ‘युरिया ६४’ अमेरिकन तक्त्यातल्या बीयूएनशी ताडून बघितला, तर निरोगी मांजरही किडनीचं पेशंट वाटेल.

किडनीचा प्रश्न: एकच आकडा, तीन वेगळी मांजरं

मांजराच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त भीती वाटते ती क्रिएटिनिनची. वय झालेल्या मांजरांमध्ये किडनीचा जुनाट आजार खूप दिसतो, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. पण किडनीचं सुमारे ७५ टक्के काम थांबेपर्यंत हा आकडा बहुधा रेंजच्या बाहेर जात नाही. लघवी घट्ट करण्याची ताकद मात्र त्याआधीच, साधारण दोन तृतीयांश किडनी निकामी झाल्यावर कमी होऊ लागते.

म्हणूनच लघवीची ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ महत्त्वाची. पाण्याची ग्रॅव्हिटी १.००० असते. मांजर मूळचं कोरड्या प्रदेशातलं. ते पाणी कमी पितं आणि लघवी भरपूर घट्ट करतं. निरोगी मांजराची लघवी सहसा १.०३५ च्या वर असते. १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान असेल, तर किडनीने लघवी घट्टही केली नाही आणि पातळही केली नाही, जशी गाळली तशीच सोडून दिली.

आता समजा तीन मांजरं आहेत आणि तिघांचं क्रिएटिनिन २.१ आहे.

पहिलं मांजर तीन वर्षांचं. भर उन्हाळ्यात दोन दिवस उलट्या झाल्या. लघवीची ग्रॅव्हिटी १.०५२. शरीरात पाणी कमी पडल्यावर किडनीने पाणी धरून ठेवलं, म्हणजे तिने आपलं काम चोख केलं. सलाईन दिल्यावर हे क्रिएटिनिन खाली येण्याची चांगली शक्यता आहे. खरा प्रश्न उलट्या का झाल्या, हा आहे.

दुसरं मांजर बारा वर्षांचं. सहा महिन्यांत वजन घटलंय, पाण्याची वाटी लवकर रिकामी होते. ग्रॅव्हिटी १.०१४. रक्तात कचरा साचलाय आणि तरी लघवी पातळ आहे. इथे किडनीच्या आजाराचा संशय पक्का होतो.

तिसरा चार वर्षांचा बोका. सकाळपासून लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, कळ काढतो, ओरडतो, पण लघवीचा थेंब येत नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये ग्रॅव्हिटीची जागाच रिकामी आहे, कारण नमुना मिळालाच नाही. त्याच्या पोटॅशियमपुढे ‘हाय’ आहे. मूत्रमार्ग तुंबलाय आणि हातात काही तासच आहेत.

तिघांचा आकडा एकच, पण आजार तीन आणि उपचारही तीन. फक्त रक्ताचं पान ग्रुपवर टाकून उत्तर का मिळत नाही, ते इथे कळतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पहिला प्रश्न एकच विचारा, ‘लघवीची ग्रॅव्हिटी किती आहे?’

एक अपवाद लक्षात ठेवा. किडनीचा आजार असूनही काही मांजरं सुरुवातीला लघवी बऱ्यापैकी घट्ट करू शकतात. त्यामुळे ग्रॅव्हिटी चांगली म्हणजे किडनी शंभर टक्के ठीक, असंही नाही.

स्टेज कशी ठरते?

किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ‘इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी’ म्हणजे आयरिस या संस्थेने ठरवल्या आहेत. व्हिएन्नामध्ये १९९८ साली ही संस्था सुरू झाली. मांजरांसाठी तिची वाटणी अशी आहे:

- पहिली स्टेज: क्रिएटिनिन १.६ पेक्षा कमी, पण किडनीत बिघाडाची दुसरी खूण आहे
- दुसरी स्टेज: १.६ ते २.८
- तिसरी स्टेज: २.९ ते ५.०
- चौथी स्टेज: ५.० च्या वर

ही स्टेज एका रिपोर्टवरून ठरवत नाहीत. मांजर स्थिर असताना, शरीरात पाणी पुरेसं असताना, पुन्हा तपासून ठरवतात. दोन दिवस उपाशी आणि सुकलेल्या मांजराचं क्रिएटिनिन ३ आलं म्हणून ‘स्टेज थ्री’ म्हणणं घाईचं आहे.

एसडीएमए ही चाचणी आयडेक्स या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये बाजारात आणली. मांजर म्हातारं होऊन वाळलं, तर स्नायू घटल्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं. एसडीएमएवर स्नायूंचा तसा परिणाम होत नाही, आणि अनेक मांजरांमध्ये तो क्रिएटिनिनच्या आधी वाढतो. याशिवाय लघवीतून प्रथिनं किती जातात हे ‘यूपीसी’ या गुणोत्तरातून कळतं. मांजरात ०.२ च्या आत ठीक, ०.२ ते ०.४ काठावर, आणि ०.४ च्या वर सतत राहिलं तर त्यावर उपचारांचा विचार करावा लागतो. किडनीच्या पेशंटचं ब्लड प्रेशरही मोजतात, आणि ते कुठल्याच रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही.

शुगर ‘हाय’ म्हणजे डायबेटिस?

लगेच नाही. घाबरलेल्या मांजराची शुगर भराभर वाढते. पिशवीत कोंबलं, रिक्षात बसवलं, दवाखान्यात शेजारी कुत्रा भुंकला, अनोळखी माणसाने पाय धरून सुई टोचली. एवढ्याने शुगर २०० च्या वर, कधी ३०० पर्यंतही जाऊ शकते.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? पुन्हा लघवी बघायची. मांजराच्या रक्तातली शुगर साधारण २५० ते ३०० च्या वर काही काळ राहिली, तरच ती लघवीत उतरते. रक्तात शुगर आहे आणि लघवीत नाही, तर ती भीतीची असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे असेल तर डायबेटिसचा संशय वाढतो, पण फार मोठ्या ताणातही लघवीत थोडी शुगर दिसू शकते. शंका उरलीच तर ‘फ्रुक्टोसामाइन’ ही चाचणी करतात. मागच्या एक-दोन आठवड्यांत शुगर सरासरी कशी होती, ते तिच्यातून कळतं.

लघवीत शुगरबरोबर ‘किटोन’ही असतील आणि मांजर मलूल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

लिव्हर: थोडीशी वाढही मोठी

एएलटी म्हणजे आपल्या ओळखीचं एसजीपीटी. त्याच्याबरोबर एएलपी असतं. कुत्र्याच्या शरीरात एएलपीचं प्रमाण निम्मं व्हायला जवळपास तीन दिवस लागतात, मांजरात फक्त सहा तासांच्या आसपास. म्हणजे मांजराच्या रक्तात ते टिकतच नाही. त्यामुळे मांजराचं एएलपी थोडं जरी वाढलेलं दिसलं, तरी ते गंभीरपणे घ्यावं लागतं.

लघवीतल्या बिलिरुबिनचंही तसंच. निरोगी कुत्र्याच्या लघवीत ते थोडं असू शकतं. मांजराच्या लघवीत ते असणं नॉर्मल नाही.

आपल्याकडे ‘नखरे करतंय, भूक लागली की खाईल’ असं म्हणून मांजराला तसंच ठेवतात. जाड मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर शरीरातली चरबी लिव्हरमध्ये साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. हिरड्या किंवा कानाची आतली कातडी पिवळी दिसली तर थांबू नका.

प्लेटलेट्स २० हजार! पण आधी स्लाइड बघा

डेंग्यूमुळे प्लेटलेट्स हा शब्द घराघरात पोहोचलाय, त्यामुळे हा आकडा बघून पोटात गोळा येतो. पण मांजराच्या प्लेटलेट्स नमुन्यात एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. मशीनला पुंजका मोजता येत नाही, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितला की खरं चित्र कळतं. रिपोर्टवर ‘प्लेटलेट क्लम्प्स’ असा शेरा असेल, तर तो आकडा धरू नका. मात्र अंगावर लाल ठिपके असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर लगेच दाखवा.

पांढऱ्या पेशींवरही भीतीचा परिणाम होतो, म्हणून त्यांची थोडी वाढ म्हणजे इन्फेक्शनच असं नाही. लस न घेतलेल्या पिल्लाच्या पांढऱ्या पेशी खूप कमी झाल्या असतील आणि उलट्या-जुलाब सुरू असतील, तर पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराचा संशय घेतात. इओसिनोफिल वाढले असतील तर आधी जंत आणि पिसवा आठवाव्यात.

लाल पेशींसाठी पीसीव्ही बघतात. मांजरात तो साधारण ३० ते ४५ टक्के असतो. तो कमी असेल तर पुढचा प्रश्न ‘रेटिक्युलोसाइट किती?’ हा. रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या लाल पेशी. त्या वाढलेल्या असतील तर शरीर नुकसान भरून काढतंय. रक्त कमी आहे आणि नव्या पेशीही येत नाहीत, तर कारण शोधावं लागतं. किडनीचा जुना आजार हे त्यातलं एक कारण.

लघवीची पट्टी मांजराला फसवते

लघवीत बुडवायची रंगीत पट्टी माणसांसाठी बनवलेली असते. तिच्यावरचा ‘ल्युकोसाइट’ म्हणजे पस सेल्सचा रकाना मांजराच्या लघवीत बऱ्याचदा खोटा पॉझिटिव्ह येतो. पट्टीवरची स्पेसिफिक ग्रॅव्हिटीही भरवशाची नसते. ग्रॅव्हिटी रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणाने मोजायची असते आणि पस सेल्स मायक्रोस्कोपखाली. तुमच्या रिपोर्टमध्ये कोणती पद्धत वापरली, ते विचारा.

क्रिस्टल्सचंही असंच. लघवी फ्रीजमध्ये ठेवली की त्यात नवे क्रिस्टल्स तयार होतात. म्हणून नमुना शक्यतो तासाभरात तपासावा. क्रिस्टल्स दिसले म्हणजे मुतखडा झाला, असं नाही. खडा आहे की नाही हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीत कळतं.

लघवीत रक्त दिसलं की अनेकजण मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात. तरुण मांजरात वारंवार लघवी आणि लघवीत रक्त यामागे बहुतेक वेळा जंतू नसतात, तर लघवीच्या पिशवीला ताणामुळे आलेली सूज असते. घर बदललं, नवं मांजर आलं, दिवाळीचे फटाके वाजले, यानेही ते होऊ शकतं. जंतू आहेत का, हे कल्चर टेस्ट सांगते. त्यासाठी डॉक्टर पोटातून बारीक सुईने थेट पिशवीतली लघवी घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सगळ्यात स्वच्छ नमुना असाच मिळतो.

साध्या तपासणीसाठी घरी नमुना घ्यायचा असेल तर लिटर बॉक्स धुवून कोरडा करा, त्यात वाळूऐवजी फिश टँकमधले धुतलेले खडे टाका आणि बिनसुईच्या सिरिंजने लघवी ओढून घ्या. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका.

इथे रिपोर्टची वाट बघायची नाही

- बोका कळ काढतोय, पण लघवी होत नाही. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी निघा.
- मांजराने माणसांची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल खाल्लं. मांजराच्या लिव्हरमध्ये ती पचवण्याची यंत्रणाच अपुरी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. तोंड सुजणं आणि हिरड्या तपकिरी-निळसर होणं ही लक्षणं.
- बुकेतल्या लिलीचं पान, पाकळी किंवा परागकण पोटात गेले. खऱ्या लिलीने एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. क्रिएटिनिन वाढायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, बेशुद्धी, झटके.

नाशिककरांनी काय करावं?

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, कारण जुने आकडे त्यांच्याकडे असतात. शहरात खासगी दवाखाने आहेत, अशोकस्तंभाजवळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. गुंतागुंतीच्या केसमध्ये मुंबईला पाठवलं, तर परळमध्ये १८८३ पासून चालणारं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल. जाताना फक्त शेवटचा नाही, सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा:

१. हा आकडा मागच्या वेळेपेक्षा किती बदललाय?
२. लघवीची ग्रॅव्हिटी किती आणि कशाने मोजली?
३. नमुना बिघडल्यामुळे किंवा मांजर घाबरल्यामुळे हे झालं असेल का?
४. ही चाचणी पुन्हा कधी करायची?
५. तोवर खाण्यापिण्यात काय बदल करू?

मांजर सात-आठ वर्षांचं झालं असेल आणि धडधाकट असेल, तरी वर्षातून एकदा रक्त आणि लघवी एकाच दिवशी तपासून ठेवा. आजारपणात तुलना करायला हाच रिपोर्ट लागतो. आणि महिन्यातून एकदा वजन करा. आधी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. साधा काटा शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवेल, म्हणून दोन-तीनदा मोजा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन कमी होणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो कमी होणं. हा आकडा कुठलीच लॅब तुम्हाला पाठवणार नाही, तो तुम्हालाच लिहून ठेवावा लागेल.